हळद-कुंकू लागलेला लॅपटॉप

शेलार,
माघ महिना, शुक्रवार, दुपार

तीर्थरूप दौलतदादास,

शेलारहून धाकट्या कमळाचा, गुडघा साथ देईल तेवढा वाकून नमस्कार.

तुझी साखर कशी आहे? तू रोज सकाळी चालायला जातोस असं वहिनी म्हणाली. जातोस ते बरंच आहे, पण ते चालणं नाक्यावरच्या वडापावच्या गाडीपाशी संपतं असंही कानावर आलंय (कोणी सांगितलं ते लिहिणार नाही, पण तुझा हितेश खोटं बोलत नाही). वहिनीचं पित्त कसं आहे? बंगल्याचा रंग झाला का? उन्नतीला सांग, आत्याने बजावलंय, नवरीने हळदीच्या आधी उन्हात हिंडू नये. आक्का इथे मजेत आहे. तुझ्या रंगाच्या वासाने तिला ठसका लागला म्हणून तू तिला माझ्याकडे धाडलीस, ठसका दुसऱ्याच दिवशी गेला, पण ती म्हणते रंग नीट वाळू दे. राहू दे की, आई आहे आपली, मला काय जड आहे. फक्त माझ्या तांदळाच्या भाकरीला रोज नावं ठेवते आणि ती भाकरी रोज एक जास्त खाते.

तू म्हणशील, कमळी, फोन करायचा सोडून पत्र काय लिहितेस? तर ऐक. फोनवर तू 'हा बोल' म्हणतोस आणि पुढचं सगळं पलीकडच्या ट्रकवाल्याशी बोलतोस. परवा मी तुला माझं दुःख सांगत होते तर तू म्हणालास, 'पीछे लो, और पीछे, बस.' मी ओट्यापासून भिंतीपर्यंत मागे सरकले, मग लक्षात आलं. व्हॉट्सॲपवर मोठा मजकूर टाकला तर तू न वाचता अंगठा पाठवतोस. काल मुद्दाम 'दादा, मी फार मोठ्या संकटात आहे' एवढंच लिहिलं, त्यालाही अंगठा. म्हणून हे पत्र, आणि ते घेऊन येणारे आमचे हे, म्हणजे तुझे मेहुणे अनंतराव. दादा शेवटच्या ओळीपर्यंत वाचत नाही तोवर खुर्चीतून उठायचं नाही असं त्यांना बजावून पाठवलंय, आणि एका जागी बसून राहण्यात त्यांचा हात कोणी धरणार नाही हे तुला ठाऊक आहे. मला तुझ्याकडून काहीएक नको आहे, हेही आधीच लिहून टाकते. मन मोकळं करायला माणसाने सख्ख्या भावाकडे नाही जायचं तर कुणाकडे जायचं?

तर लॅपटॉप. माझ्या शिकवण्यांसाठी मी गणपतीनंतर लॅपटॉप घेतला हे मी तुला तेव्हाच फोनवर सांगितलं होतं (तू विचारलंस, 'किती लिटरचा?' तेव्हाच मी समजले, तू ऐकत नाहीस). कंपनीचं नाव लिहीत नाही, शुभकार्य तोंडावर आहे, तोंड खराब कशाला करा. ऑनलाइन मागवला. निघाला कुठून, तर आपल्या वडप्याच्या गोडाऊनमधून. अख्ख्या देशाचा माल आपल्या भिवंडीतून सुटतो, मग शेलारच्या बाईला तरी तो सकाळी मागवला आणि दुपारी मिळावा की नाही? तर तो वडप्याहून नाशिकला गेला, नाशिकहून कुठेतरी पुढे गेला, तीर्थयात्रा करून परत भिवंडीला आला आणि मग माझ्या दारात. आला तेव्हापासूनच त्याची स्क्रीन मधूनच थरथरायची, अंगात आल्यासारखी. आता भिवंडीत वीज कशी येते आणि कशी जाते ते आपण जन्मापासून बघतोय, त्यामुळे मी बिचाऱ्या लॅपटॉपला काही बोलले नाही, विजेलाच शिव्या घालत बसले. तिथेच मी फसले. तेव्हाच परत केला असता तर आज हे पत्र लिहायची वेळ आली नसती.

पण परत कशी करणार होते? नवरात्रात गोदूमावशी माझ्याकडे राहायला आली होती. आक्काही आली होती. आपल्या पूर्णा गावातल्या दोन्ही धवलारिणी एका छपराखाली, आणि वर घरात वाल सोलायचं काम. या दोघी मांडवात बसून धवले गायल्याशिवाय आपल्याकडे एक लग्न लागलं नाही, तुझं नाही, माझं नाही. वाल सोलता सोलता आक्काने सहज एक ओळ टाकली, गोदूमावशीने ती झेलली, आणि मग काय, हळदीचे, तेलवणाचे, नवरी निघतानाचे, सगळे धवले एकामागून एक सुरू. मी फोन ओट्यावर ठेवून सगळं रेकॉर्ड केलं. मध्ये कुकरच्या शिट्ट्या आहेत, मध्ये आक्का मला 'दूध बघ, दूध उतू जातंय' म्हणून ओरडते तेही आहे, पण गोदूमावशीचा आवाज, दादा, तो वरच्या पट्टीतला, जरासा फाटका, अगदी होता तसा आला. मग माझ्या भाविकने ते फोनवरून लॅपटॉपमध्ये उतरवलं आणि फोनमधून पुसून टाकलं, कारण फोन भरला होता. कशाने भरला होता? तू रोज सकाळी पाठवतोस त्या उगवत्या सूर्याच्या सुविचारांनी. आता जो येतो तो मला सांगतो, अशा गोष्टीची दुसरी प्रत ठेवायची असते. सांगा, सांगा. वरातीमागून घोडं.

त्रिपुरी पौर्णिमा झाली आणि गोदूमावशी गेली. तेव्हापासून आक्काने तोंडातून एक ओळ काढली नव्हती हे तू बघितलंयस. धवला काही एकटीने म्हणायचा नसतो. एकीने टाकायची, दुसरीने झेलायची, झेलणारी गेली की टाकणारीने टाकायची कुठे? उन्नती इकडे आली आणि आज्जीच्या पायाशी बसून म्हणाली, माझ्या हळदीला डीजे पप्पांनी ठरवलाय तो वाजू दे, पण आधी तू गायला हवीस. आक्का नुसती नाही-नाही अशी मान हलवत राहिली. मग मला सुचलं. मी लॅपटॉप आणून तिच्यापुढे ठेवला आणि गोदूमावशीला सुरू केलं. आक्काने हात पुढे करून त्याच्या पाठीवर ठेवला, आणि तिसऱ्या की चौथ्या ओळीला, दादा, ती गायला लागली. मी आत जाऊन रडले, खोटं कशाला लिहू. बाहेर आले तेव्हा आक्का उन्नतीला सांगत होती, "गोदू येनार असंल त मी येन. गोदू न्हाय त मी न्हाय." उन्नती म्हणाली, येणार म्हणजे येणारच. आणि त्याच आठवड्यात लॅपटॉपने डोळे मिटले. आधी थरथरला, मग पडद्यावर साडीच्या काठासारख्या उभ्या रेघा आल्या, मग आतला पंखा घरघर करायला लागला आणि मग काळोख. आता कळलं ना मी संकटात आहे म्हणजे काय ते? अंगठा पाठवू नकोस.

कस्टमर केअरला फोन लावला. आधी बराच वेळ सनई, म्हणजे माझा प्राण कंठाशी आणि तिकडे यांच्या घरचं लग्न. मग एक बाई गोड आवाजात म्हणाली, 'आपकी कॉल हमारे लिए महत्वपूर्ण है,' आणि फोन कट. पुन्हा सनई. मग एक मुलगा आला, त्याने माझ्याकडून त्या यंत्राला योगासनं करवून घेतली. चार्जर काढा, बटण दाबून धरा, सोडा, पुन्हा धरा, आता उलटा करा. मी म्हटलं, बाबा रे, तो मेलाय. तर म्हणाला, 'मैम, स्क्रीन पर क्या लिखा आ रहा है?' काळ्या स्क्रीनवर काय लिहून येणार, माझं नशीब? मग म्हणाला, तुमची तक्रार ईमेलने पाठवा, आणि ती लॅपटॉपमधल्या आमच्याच ॲपमधून पाठवा, म्हणजे लवकर दखल घेतली जाईल. म्हणजे पाय मोडलेल्या माणसाने डॉक्टरकडे धावतच यायचं. पुढच्या वेळी दुसरी मुलगी, तिला पहिल्यापासून सगळं सांगा. त्याच्या पुढच्या वेळी तिसरा मुलगा, त्यालाही पहिल्यापासून सांगा. आता माझी ही कथा इतकी पाठ झालीय की आमच्या भजनी मंडळात मी ती टाळावर म्हणू शकते.

शेवटी ह्यांना घेऊन कल्याण नाक्याकडच्या त्यांच्या सर्व्हिस सेंटरला गेले. जिना चढून वर, काचेचं दार, आत एसी इतका की पदर डोक्यावरून घ्यावा लागला. टोकन घ्या म्हणाले. घेतलं. नंबर आला तेव्हा काउंटरवरचा तरुण म्हणाला, 'सिस्टम डाऊन है, कल आओ.' मी विचारलं, तुम्ही इथे काय दुरुस्त करता? म्हणाला, कॉम्प्युटर. आणि तुमचा कॉम्प्युटर कोण दुरुस्त करतो? त्यावर तो म्हणाला, हेड ऑफिसला कंप्लेंट टाकलीय, उनका फोन नहीं लगता. खरं सांगते, मला क्षणभर त्याचीच दया आली. मी त्याला डब्यातला लाडू दिला. (लाडू उन्नतीच्या लग्नाच्या पहिल्या घाण्यातला होता, तुझ्यासाठी नेत होते, तुला साखर आहे म्हणून दिला.) दुसऱ्या दिवशी सिस्टम उठली होती, पण तरुण बदललेला. नव्याला पहिल्यापासून सगळं सांगितलं. त्याने लॅपटॉप उघडून बघायचे कष्ट घेतले नाहीत, वरूनच टकटक केलं, जसं आपण कलिंगडाला करतो, आणि म्हणाला, हा सेंट्रल रिपेअरला जाईल. मी म्हटलं, आत माझी मावशी आहे, तिला धक्का लागता कामा नये. त्याने कागदावर लिहिलं, 'ग्राहक भावनिक.' आणि लॅपटॉप ज्या दिवशी गेला त्याच दिवशी मला मेसेज आला, आपली तक्रार यशस्वीरीत्या सोडवण्यात आली आहे, कृपया आम्हाला तारे द्या. दिवसाढवळ्या दाखवले तेवढे पुरे नव्हते, वर मागतात.

आता खरा कहर ऐक. परवा अहवाल आला. यंत्र उघडलं असता आत लाल व पिवळ्या रंगाची अज्ञात पावडर आणि काही धान्यकण आढळले, सबब बिघाड ग्राहकाच्या चुकीमुळे, सबब वॉरंटी रद्द. अज्ञात पावडर! अरे, हळद-कुंकू आहे ते, आणि धान्यकण म्हणजे अक्षता. दसऱ्याला घरात आलेल्या नव्या वस्तूची पूजा नाही करायची? आपल्याकडे कोयत्याची होते, तराजूची होते, भिवंडीत यंत्रमागाची होते, तू तर तुझ्या फोर्कलिफ्टला झेंडूची माळ घालून तिच्यापुढे नारळ फोडतोस. मी लॅपटॉप पाटावर ठेवला, झाकण उघडं ठेवलं (झाकलेल्या देवाची पूजा करतात का?), हळद वाहिली, कुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या. आता त्या कीबोर्डच्या फटीतून आत गेल्या असतील तर मी नाही म्हणत नाही, फुलांवरचं पाणी मात्र मी आधी झटकलं होतं. पण थरथर तर दसऱ्याच्या आधीपासूनची. बाप पहिल्यापासून लंगडा आणि दोष लेकीच्या लग्नाला, असं कुठे असतं? फोनवरच्या मुलाला मी हे समजावलं तर तो विचारतो, 'मैम, ये कौन सा केमिकल है?' मी विचारलं, तुझं गाव कोणतं, तुझ्याकडे मोटरसायकल आहे का, दसऱ्याला तिला टिळा लावतोस की नाही? तो बिचारा हळूच म्हणाला, 'लगाता हूँ, मैम,' आणि मग घाबरून मला सनईवर टाकून निघून गेला.

मी सोडते काय? तुझीच बहीण. भाविकला कामाला लावलं आणि ह्याच कंपनीची दसऱ्याची जाहिरात शोधून काढली. त्यात नऊवारी नेसलेली, नथ घातलेली एक बाई, माझ्यापेक्षा गोरी आणि माझ्यापेक्षा रिकामटेकडी, हसत हसत ह्यांच्याच लॅपटॉपला कुंकवाचं बोट लावतेय, बाजूला अक्षतांची वाटी, वर मोठ्या अक्षरात दसऱ्याच्या शुभेच्छा. मी ती पाठवली आणि लिहिलं, ह्या बाईंची वॉरंटी आधी रद्द करा, मग माझ्याकडे या. उत्तर आलं की सदर छायाचित्र केवळ प्रातिनिधिक आहे. पण फटका बसला असणार, कारण संध्याकाळी त्यांच्या कोणा वरच्या साहेबाचा फोन आला, चांगलं मराठी बोलत होता. म्हणाला, ताई, कंपनी सद्भावना म्हणून तुमचा आतला बोर्ड आणि डिस्क दोन्ही नवीन घालून देते, फुकट. मला क्षणभर वाटलं जिंकले. मग विचारलं, आणि जुनी डिस्क? तर म्हणाला, ती सोमवारी भंगारात जाईल, नियम आहे. मी म्हटलं, अहो, मला नवीन काही नको, लॅपटॉपही तुम्हीच ठेवा, पण ती जुनी डिस्क द्या, तीत माझी गेलेली मावशी गाते. त्याने तिकडे काहीतरी टकटक केलं. मग म्हणाला, ताई, मला समजतंय, पण आमच्या सिस्टममध्ये 'जुनी डिस्क परत द्या' असा पर्यायच नाही. माणूस वाईट नव्हता. पण वाईट नसलेल्या माणसांनीच माझ्या नाकी नऊ आणलेत.

तर असं आहे. सोमवारी गोदूमावशीचा आवाज भंगारात जाणार, आणि पुढच्या आठवड्यात उन्नतीच्या हळदीला आक्का भिंतीकडे तोंड करून बसणार. उन्नतीला मी अजून यातलं काही बोललेले नाही. ती रोज फोन करून विचारते, आत्या, आज्जीची प्रॅक्टिस कशी चाललीय? मी म्हणते, झकास. मला हे खोटं बोलून बोलून आता ॲसिडिटी झालीय. लॅपटॉप सध्या कुठे ठेवलाय तेही आम्हाला कळलंय, अनंतराव ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात असल्याचा एवढा तरी फायदा. मी तिथे जाऊनही आले, दारातूनच परत पाठवलं. असो. तुझ्यामागे लग्नाची धावपळ, तुला आणखी त्रास द्यायची माझी मुळीच इच्छा नाही. लिहून मन हलकं झालं, पुष्कळ झालं.

वहिनीला नमस्कार, उन्नतीच्या गालांचा पापा, हितेशला आशीर्वाद. कळावे, तुझ्यावर लोभ आहेच, पण ऐकणाऱ्या भावावर जास्त असतो.

तुझी,
कमळा

ता. क. लॅपटॉप कुठे आहे ते लिहायचं राहिलं. मला वाटलं होतं सेंट्रल रिपेअर म्हणजे बेंगळुरू असेल, निदान पुणे तरी. अनंतरावांनी ट्रान्सपोर्टच्या पावतीवरचा पत्ता वाचला आणि चष्मा काढून पुसला आणि परत वाचला. पूर्णा. पाइपलाइनच्या मागची बाजू, जिथे आपण वाल पेरायचो तो आपला तुकडा, आता तुझं गोडाऊन, शेड ब. दादा, माझा लॅपटॉप तुझ्या भाडेकरूकडे आहे. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच. आम्ही स्कूटरवरून तिथे गेलो. गेटवर तुझ्या वाढदिवसाचा फलक अजून लावलेला आहे, गॉगल घालून तू हात जोडलेयस, आणि बरोबर त्याच्याखाली खुर्ची टाकून बसलेल्या वॉचमनने मला विचारलं, आप कौन? मी बोट वर करून म्हटलं, हे माझे सख्खे भाऊ. तो न बघताच म्हणाला, "यहाँ सब उन्हीं के भाई-बहन हैं, मैडम. पास दिखाइए." मला सांग, तू किती जणांना ओळख देऊन ठेवलीयस?

ता. क. २. वर लिहिलं की मला तुझ्याकडून काही नको. ते खरं नाही. उद्या शनिवार आहे, तिथलं ऑफिस अर्धा दिवस उघडं असतं. तू जा. हितेशला पाठवू नकोस, तो लाजतो. तू स्वतः जा, फलकावर आहेत तेच कपडे घाल म्हणजे वॉचमन ओळखेल. आवाज चढवू नकोस, आतली पोरं आपल्याच आजूबाजूच्या गावांतली आहेत, नोकरी करतात. फक्त एवढंच म्हण की मला कमळाच्या लॅपटॉपची जुनी डिस्क हवी. नवीन लॅपटॉप द्यायला लागले तर घेऊ नकोस, मोठा देतो म्हणाले तरी घेऊ नकोस. भाडेकरूशी संबंध बिघडतील असं म्हणशील तर त्याचंही उत्तर लिहिते. भाडेकरू दुसरा मिळतो. पूर्ण्यात गोडाऊन मागणाऱ्यांची रांग लागलीय. गोदूमावशी कोण देणार?

ता. क. ३. पाकीट बंद करत होते तेवढ्यात आक्काने विचारलं, एवढं काय लिहिलंस? म्हणून सगळं तिला वाचून दाखवलं, डिस्क, सोमवार, भंगार, सगळं. मला वाटलं ती कोसळेल. ती सुपातले तांदूळ निवडत होती, निवडतच राहिली. मग म्हणाली, दौलतला जाऊ दे, गोदूला घेऊन येऊ दे, तिला भंगारात सोडायचं नाही. पण ती आली तरी यंत्रात बसून आक्काची नुसती जुनीच ओळ झेलणार, उन्नतीचं नाव त्यात कुठून येणार? त्या दिवशी तर दोघी दुसऱ्याच कुणाचं तरी नाव घेऊन गायल्या होत्या. हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं, दादा. धवल्यात नवरीचं नाव घ्यायचं असतं, आणि एवढी सनई ऐकताना मी ते विसरले. मी विचारलं, मग आता काय करायचं? तर आक्का म्हणाली की बाबा कामावर असायचे, मी तान्ही होते, मला शेजारी ठेवून ती तुला काखेत मारून लग्नालग्नात न्यायची, तू तिच्या मांडीवर झोपायचास आणि झोपेतही ओठ हलवायचास, आणि कधी गोदूला खोकला आला की तिची ओळ तू झेलायचास आणि बायका हसायच्या. मग तुला मिसरूड फुटलं आणि तू मांडवातल्या बायकांत बसायचा बंद झालास. मी म्हटलं, आक्का, तो आता दौलतशेठ आहे, गळ्यात एवढी जाड चेन, चारचौघांत बायकांची गाणी म्हणेल का तो? वहिनीला फोन लावला, तर वहिनी हसायलाच लागली. म्हणाली, आंघोळीला गेले की रोज तेच म्हणतात, मला वाटायचं तुम्हाला सगळ्यांना माहीत आहे.

आक्काचा निरोप जसा आहे तसा लिहिते, एक शब्द माझा नाही. "दौलतला सांग, पोरगी तुजी हाय. तिचं नाव मी टाकीन, झेलायला तू बस. गोदूची जागा मोकळी हाय."

उद्या गोडाऊनवरून परस्पर इकडेच प्रॅक्टिसला ये. वहिनीला मी गप्प बसवलंय. उन्नतीला कळू देऊ नकोस.